अक्षर दिसतंय तोवर

“इथं आवाज पडला. परत वाच.”

आमच्या आणि तिच्या घरात एकच भिंत होती, त्यामुळे हे वाक्य मला रोज संध्याकाळी घरबसल्या ऐकू यायचं. ती विळीवर बसून नारळ खवत असायची आणि समोर तिची मुलगी दिना, मांडीवर पुस्तक घेऊन. नियम एकच, वाचायचं ते मोठ्यानं. मनात वाचलेलं तिच्या लेखी वाचलेलं नव्हतंच. “मनात काय, मनात मी पण राणी हाय,” असं ती म्हणायची.

दिना वाचायची ते इंग्रजी फिजिक्स, केमिस्ट्री. आई चौथी मराठी शिकलेली, इंग्रजीचा गंध नाही. तरी मध्येच विळीची खसखस थांबायची. “इथं आवाज पडला.”

“आई, मी काय वाचतेय ते तुला कळतं तरी का?”

“मला कशाला कळायला हवं? तुला कळत नाहीये, एवढं मला कळतंय. परत वाच.”

दिना धुसफुसत परत वाचायची. वाचता वाचता एकदम म्हणायची, “हां, असं होय!” आणि विळी पुन्हा सुरू. भिंतीच्या अलीकडे मी हसत असायचे. आणि आमची आई मला म्हणायची, “बघ, त्या घरात केवढं वाचन चालतं, नाहीतर तू!” मी तेव्हा बायकांच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीची डेमॉन्स्ट्रेटर होते, पगार घरी आणत होते, तरी मी आपली ‘नाहीतर तू’च.

नाव नाही सांगत तिचं. हलसूरच्या आमच्या गल्लीत तिला सगळे ‘तेलक्का’ म्हणायचे. तोंडावर मी तिला ‘तुम्ही’ म्हणे, मनात कायम ‘तू’. आमच्यासारखी जुनी मराठी घरं त्या भागात बरीच होती. आमचे पूर्वज म्हणे कुठल्याशा स्वारीबरोबर आले आणि परत जायचं विसरले. त्यामुळे आमच्या मराठीत अर्धं कानडी, आणि कोणी नवीन मराठी माणूस दिसला की आमच्या आईला उमाळा येई. पन्नास सालानंतर लगेचच ही मंडळी शेजारी राहायला आली. नवरा विमानांच्या कारखान्यात फिटर, हिचं नऊवारी लुगडं, गळ्यात मंगळसूत्र, हातभर हिरव्या बांगड्या. आईनं पहिल्याच दिवशी चौकशीला सुरुवात केली.

“तुम्ही कुठले?”

“रेवदंड्याकडचे. कोकणातले.”

“बामण का मराठे?”

“यहुदी.”

“म्हणजे किरिस्ताव?”

“नाही.”

“मग मुसलमान?”

“नाही हो.”

“अय्यो! मग राहिलं कोण?”

“आम्ही राहिलो ना,” ती म्हणाली. “आम्ही शनवार तेली. आमचा घाणा शनवारी बंद. बाकी सहा दिवस तेल काढू, शनवारी इंग्रज आला तरी घाणा फिरणार नाही.” हे ती इतक्या ठसक्यात बोलली की आईनं दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीत सांगितलं, आणि ती तेलक्का झाली. बेंगळुरात तिच्याकडे ना घाणा होता ना बैल. पण नाव तिला आवडलं. कोणी हाक मारली की मोठ्यानं ‘ओ’ द्यायची.

घाण्याची गोष्ट मला तिनं स्वतःच सांगितली. तिच्या बापाला हिब्रूतल्या प्रार्थना सगळ्या तोंडपाठ होत्या. मलिद्याच्या, म्हणजे नवसाच्या प्रसादाच्या वेळी लोक त्यालाच पुढं बसवायचे. पण अक्षर एकही येत नव्हतं, ना हिब्रू, ना मराठी. ही शाळेत जायला लागली तसा तो तिला घाण्याच्या फळीवर आपल्या शेजारी बसवायचा. बैल फिरायचा, दोघं फिरायची, आणि ही पुस्तक वाचायची. कधी पाठ झालेला धडा ही घडाघडा म्हणून टाकायची. बाप लगेच बैल थांबवायचा. “हे म्हणणं झालं बाय. म्हणायला मला पण येतं. तू वाच.”

“त्याला कसं कळायचं?” मी विचारलं.

“अगो, म्हणणाऱ्याला पुढचं ठाऊक असतं. वाचणारा बघत बघत जातो. आवाज वेगळा लागतो. जन्मभर म्हणतच आलेला माणूस तो, त्याला नाही कळणार?”

पाचवीची शाळा खाडीपलीकडे होती. बापानं होडीवाल्याशी बोलून ठेवलं होतं. त्याच पावसाळ्यात बाप गेला, आणि हिची शाळा चौथीत संपली. हे सांगताना ती रडली वगैरे नाही. तिला रागच यायचा. “बाप असता तर मी थांबले नसते. आता मी आहे, तर दिना थांबणार नाही.” दिनाला डॉक्टर करायचं हे तिनं दिनाच्या जन्माआधी ठरवलं असावं. दिनाला विचारलं होतं की नाही, देव जाणे. पण मुलीलाही तीच हौस लागली होती, हे नशीब.

आणि शनिवार. शुक्रवारी दिवेलागणीपासून शनिवारी तारे दिसेपर्यंत त्या घरात चूल नाही, काडी ओढायची नाही, लिहायचं नाही, ओझं उचलायचं नाही. वाचायला मात्र मुभा. शुक्रवारी शिजवलेलं शनिवारी गारच खायचं. नवऱ्यानं साहेबाच्या हातापाया पडून शनिवारऐवजी रविवारची पाळी मागून घेतली होती. मुंबईहून तिचा दीर यायचा, सिल्कचा शर्ट घालणारा, तो हसायचा. “वहिनी, मुंबईत आपले निम्मे लोक शनवारी हापिसात जातात. एका शनवारानं काय होतं?”

“एकानं काहीच होत नाही भावजी,” ती म्हणायची. “म्हणून तर एक एक करून सगळे जातात.”

आता असली बाई, असला शनिवार, आणि आमच्याच कॉलेजात शिकणाऱ्या दिनाच्या इंटरच्या परीक्षेचं वेळापत्रक लागलं. लेखी पेपर सगळे सरळ. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल शनिवारी.

मीच ते वेळापत्रक बघितलं आणि मीच घरी येऊन सांगितलं. बाहेरचा परीक्षक मद्रासहून येणार, आमच्या कॉलेजला एकच दिवस देणार, रात्रीच्या गाडीनं परत जाणार. प्रॅक्टिकल म्हणजे बर्नर पेटवायचा, म्हणजे विस्तव. वर निरीक्षणं लिहायची. दोन्ही शनिवारी बंद. गैरहजर राहिली तर नापास, वर्ष गेलं, आणि मेडिकलला मुलींच्या जागा मुळात किती होत्या हे आमच्या वेळच्या बायकांना विचारा. गेलेल्या वर्षाबरोबर ते दारही लागलं असतं.

दिनाचं तोंड पांढरं पडलं. “आई, एवढा एक शनवार,” ती हळूच म्हणाली.

तेलक्कानं विळी बाजूला सारली. मग म्हणाली, “शनवार सोडायचा नाही. वर्ष पण सोडायचं नाही. मी बसते.”

‘मी बसते’ म्हणजे काय ते गल्लीला ठाऊक होतं. रेशनवाल्यानं किडके तांदूळ दिले तेव्हा ती अशीच त्याच्या दारात बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजात गेले तर प्रिन्सिपलबाईंच्या खोलीबाहेर व्हरांड्यात बाईसाहेब हजर. पुढ्यात सूप, सुपात चिंचा. उन्हाळ्याचे दिवस, वर्षाची चिंच भरायची वेळ. म्हणाली, “नुसतं बसून वेळ का दवडू?” आणि चिंचोके काढायला लागली.

आमच्या प्रिन्सिपलबाई कानडी, पांढरं लुगडं नेसणाऱ्या, फार कडक. त्यांच्यापुढे आमचे प्रोफेसरसुद्धा खोकताना विचार करत. त्यांनी मला आत बोलावलं. “ही तुमच्या ओळखीची? काय हवंय हिला?” मी सांगितलं. “तारीख युनिव्हर्सिटीची. मी काय करू? जायला सांगा.” मी बाहेर येऊन सांगितलं. ती म्हणाली, “सांग त्यांना, चिंच संपली नाही अजून.” हे मी भाषांतर करून आत सांगायचं! नोकरी नवीन माझी. मी आपलं सांगितलं, “बाई म्हणतात, थोडं थांबते.”

असे बरेच दिवस गेले. सगळ्या व्हरांड्याला चिंचेचा वास. मुली जाता येता चिंचेचं एक एक बोटूक तोंडात टाकायच्या. एक दिवस प्रिन्सिपलबाई स्वतःच बाहेर आल्या, तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि कानडीत म्हणाल्या, “विस्तवाला शिवायचं नाही म्हणजे काय? चूल पेटवायची नाही?” मी मराठीत केलं. तेलक्कानं सगळं सांगितलं. कालचं शिजवलेलं खायचं, दिवा दुसऱ्या दिवशी तारे दिसल्यावर लावायचा, सगळं. प्रिन्सिपलबाई ऐकत होत्या. सोवळं, एकादशी, चातुर्मास सगळं कडक पाळणारी बाई ती. त्यांनी विचारलं, “आणि इतकं पाळून मुलगी डॉक्टर करायची?”

“त्यासाठीच तर,” तेलक्का म्हणाली. “डॉक्टर व्हायला जात सोडावी लागते, असं कोणी तिला पुढं म्हणायला नको.”

मी ते जसंच्या तसं कानडीत केलं. प्रिन्सिपलबाईंनी सुपातलं एक बोटूक उचललं, तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, “सरी.” कानडीत सरी म्हणजे ठीक आहे. पुढचं तेलक्कानंच सुचवलं. दिना सकाळपासून कॉलेजात सगळ्यांच्या डोळ्यांपुढे बसेल. कोणाशी बोलणार नाही, म्हणजे प्रश्न फुटायची भीती नको. शनिवार संपला की प्रॅक्टिकल करेल. परीक्षकाला पत्र गेलं. त्यांचं उत्तर आलं, सूर्यास्तानंतर लगेच होत असेल तर हरकत नाही, मला गाडी गाठायची आहे.

तो दिवस मी विसरणार नाही. हलसूरहून आम्ही तिघी कॉलेजपर्यंत चालत गेलो, कारण शनिवारी वाहन नाही. गार जेवणाचा डबा, पाण्याचा तांब्या, दिनाचं पुस्तक, सगळं माझ्या हातात, कारण ओझं नाही. मी त्या दिवशीची हमाल. दिनाला पुस्तकांच्या खोलीत बसवलं. प्रिन्सिपलबाईंनी पहाऱ्याला दुसऱ्या विषयाच्या बाई बसवल्या. बाहेर तेलक्का. बाकीच्या मुलींचं प्रॅक्टिकल झालं, मुली घरी गेल्या. आणि दुपारी आभाळ भरून आलं. आंब्याच्या दिवसांत आमच्याकडे येतात तसले वळवाचे ढग. पाऊस पडला नाही मेला, नुसता वर ठाण मांडून बसला.

सूर्य मावळला असावा, दिसला कुठं? परीक्षक बाहेर आले. उंच, सडपातळ, घड्याळ खिशात. “चला.”

“तारे दिसले नाहीत अजून,” तेलक्का म्हणाली.

मी इंग्रजीत केलं. ते म्हणाले, “सूर्यास्त ठरला होता.”

“सूर्यास्त तुम्ही लिहिला. आमचा दिवस तीन ताऱ्यांनी संपतो.”

मग काय विचारता! कॉलेजच्या मधल्या अंगणात आम्ही सगळे माना वर करून उभे. प्रिन्सिपलबाई, परीक्षक, दोन प्रोफेसर, मी. तारा एक नाही. आमचा शिपाई एकदम ओरडला, “अक्का, नक्षत्र! अल्ली नोडी!” बघतो तर पाण्याच्या टाकीवरचा दिवा. परीक्षक म्हणाले, “ठीक आहे, हा पहिला समजू.” माणूस मदतच करत होता बिचारा.

“तो दिवा आहे साहेब,” तेलक्का म्हणाली. “दिव्याला तारा म्हणायचं असतं तर मी सकाळीच म्हटलं असतं.”

खरं सांगते, मला असा संताप आला! मनात म्हटलं, अगं बाई, म्हण की तारा! कोण वरून बघतंय? पोरीचं आयुष्य पणाला लागलंय आणि ही टाकीच्या दिव्यावर अडून बसलीय. परीक्षकांनी घड्याळ काढलं. “आता सुरू नाही केलं तर मला गैरहजर लिहावं लागेल. माफ करा.” ते रागावलेले नव्हते, त्यामुळे जास्तच भीती वाटली. दिना दारात उभी. तिनं आईकडे बघितलं. पुस्तकांच्या खोलीत दिवसभर गप्प बसलेली पोर ती.

तेलक्कानं वर बघितलं, खाली बघितलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. “काय खुळी मी! कोकणात पावसाळ्यात चार महिने तारे दिसत नाहीत. तेव्हा काय शनवार संपायचा नाही? दिवे घालवा सगळे.”

“दिवे?”

“व्हरांड्यातले. सगळे घालवा.”

शिपायानं प्रिन्सिपलबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. दिवे गेले. तिच्या बापाची पावसाळी रीत अशी होती की आभाळ झाकलेलं असेल तर पोरीला पुस्तक देऊन अंगणात उभं करायचं आणि वाचायला लावायचं. अक्षर दिसतंय तोवर शनिवार. अक्षर दिसेनासं झालं की दिवा लावायचा. मी हे परीक्षकांना समजावून सांगितलं. ते नुसते “आय सी” म्हणाले. मी दिनाच्या हातात तिचं केमिस्ट्रीचं पुस्तक दिलं. ती अंगणाच्या मधोमध उभी राहून वाचायला लागली, मोठ्यानं, रोजच्यासारखी. पान झालं, दुसरं पान झालं. आम्हाला एकमेकांची तोंडं दिसेनात, आणि ही आपली घडाघड वाचतेय! सल्फेट, कार्बोनेट, नायट्रेट. परीक्षकांनी काडी ओढून घड्याळ बघितलं. “हिला अजून दिसतंय?”

“थांब,” तेलक्का म्हणाली. “दिना, तू वाचत नाहीस. तू म्हणतेयस.”

दिना दचकली. तिचे डोळे मिटलेले होते हो! वर्षभर रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचून अख्खं पुस्तक पाठ झालं होतं पोरीला. घाबरली होती, सुरू झाली ती थांबलीच नाही. त्या पुस्तकानं शनिवार संपणारच नव्हता, सकाळ झाली असती. मला हसू आवरेना आणि रडूही. “न वाचलेलं काहीतरी द्या,” तेलक्का म्हणाली. कोणाकडे काही नव्हतं. परीक्षकांनी काखेतलं वर्तमानपत्र पुढं केलं.

दिनानं ते डोळ्यांपाशी नेलं. मोठी अक्षरं वाचली. मग छोटी अक्षरं आली, आणि ती अडखळली. आलं ते पान होतं लग्नाच्या जाहिरातींचं. “वधू पाहिजे. मुलगी गोरी, सुस्वरूप, घरकामात निपुण आणि...”

“आणि?” परीक्षक म्हणाले.

“पुढचं दिसत नाही, आई.”

“पुढचं न दिसलेलंच बरं,” काळोखातून प्रिन्सिपलबाईंचा आवाज आला.

“लावा दिवे,” तेलक्का म्हणाली. “शनवार संपला. चल, पेटव तुझा विस्तव.”

त्या संध्याकाळी दिनानं स्वतः काडी ओढून बर्नर पेटवला. काय मीठ वाट्याला आलं होतं ते मला माहीत होतं आणि माझा जीव टांगणीला. तिनं तार बुडवून ज्योतीत धरली, आणि ज्योत पोपटी झाली. भर दुपारी ती इतकी स्वच्छ दिसत नाही. “बेरियम,” दिना म्हणाली. तिचा आवाज पडला नव्हता. परीक्षकांना गाडीसाठी प्रिन्सिपलबाईंनी आपली मोटार दिली. जाताना ते तेलक्कासमोर थांबले आणि नमस्कार करून गेले. मी घरी जाताना डबा तिच्या हातात दिला. म्हटलं, आता उचला तुमचं ओझं.

दिनाला मेडिकलला जागा मिळाली. तेलक्कानं एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे त्यांच्या प्रेषिताच्या नवसाचा मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, नारळ, वर फळं. सबंध गल्लीला बोलावलं. आमच्या आईनं दोनदा मागून घेतला आणि म्हणाली, “तुमचा देव पोहे खातो, म्हणजे आपल्यातलाच.”

दिना डॉक्टर झाली, इथंच नोकरीला लागली, लग्न झालं, आणि शनिवारी ड्यूटीवर जायला लागली. दीर मुंबईहून मुद्दाम खबर काढून आल्यासारखा आला. “काय वहिनी, आता कुठं गेला तुमचा शनवार?”

ती उसळली. “जीव वाचवायला शनवार आडवा येत नाही, हे माझ्या अडाणी बापाला पण ठाऊक होतं. परीक्षा म्हणजे जीव नव्हे. ती थांबू शकते, म्हणून थांबवली. रोगी थांबतो काय?” दीर चहा पिऊन गेला.

दिनाला मुलगी झाली, नोमी. दिना दवाखान्यात, म्हणून नोमी वाढली आजीच्या विळीसमोर. कानडी शाळेत जायची. आजीला कानडी अक्षर लागत नव्हतं, बेंगळुरात इतकी वर्षं काढून बोलण्यातही तिला ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘बेडा’ म्हणजे नको, एवढंच धड यायचं. पण भिंतीपलीकडून पुन्हा तेच. “इथं आवाज पडला गो. परत वाच.” नोमी आईपेक्षा वाद घालणारी. “आजी, तुला कन्नडा येत नाही!” “मला नाही येत ना? मग मला शिकवायला तरी नीट वाच.”

पुढं तेलक्काचे डोळे अधू झाले. तारे दिसेनात तिला, आभाळ मोकळं असलं तरी. मग तिनं बापाची पावसाळी रीत बारा महिने सुरू केली. शनिवारी संध्याकाळी नोमी परसात पेरूखाली पुस्तक घेऊन उभी राहायची आणि मोठ्यानं वाचायची. अक्षर दिसेनासं झालं की ओरडायची, “आजी, संपलं!” आणि आजी चाचपडत काडी ओढायची. आमच्या घरातले दिवेसुद्धा त्या आरोळीवर लागायला लागले. आई म्हणायची, घड्याळ कशाला हवं.

साठचं दशक सरता सरता ती गेली. पोटाचं दुखणं होतं, दिनाला काय ते सगळं आधीच कळलं होतं. गेली ती शनिवारी पहाटे. तेही शनिवारीच, बघा. शनिवारी अंत्यविधी नाही, काही हलवायचं नाही, दिवा लावायचा नाही. चादर घालून ठेवलं तिला. गावात त्यांची जी थोडी घरं होती तिथले पुरुष चालत आले आणि तिच्या नवऱ्याबरोबर ओट्यावर बसून राहिले. दुखणं वाढल्याचं कळल्यापासून दीरही येऊन राहिला होता. शनिवार संपल्यावर अंघोळ घालायची आणि सकाळी म्हैसूर रोडच्या दफनभूमीत न्यायचं, असं ठरलं. नोमीनं विचारलं, “आजीला कधी नेणार?” कोणीतरी म्हणालं, “काळोख पडला की तयारी, बाळ.” लहान मुलीला असं सांगतात का? पण सांगितलं.

संध्याकाळी मी परसात गेले तर नोमी पेरूखाली पुस्तक घेऊन उभी. कोणी तिला सांगितलं नव्हतं. तिनं वाचायला सुरुवात केली. कानडीतला छोटासा धडा, एक मुलगी बाजारात जाते, भाजी घेते, घरी येते. पोर मोठ्यानं, खणखणीत वाचत होती, आजीला आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. दिना मागच्या दारात उभी होती. मी तिच्या शेजारी उभी राहिले. आभाळ काळवंडलं, पेरूची पानं दिसेनाशी झाली, मग नोमीचा फ्रॉकही नुसता पांढरट दिसायला लागला. ती वाचतच होती.

आणि माझ्या लक्षात आलं, धडा कधीच संपलाय. पुस्तकातली मुलगी भाजी घेऊन घरी येते. नोमी तिला घरी येऊ देत नव्हती. तिनं तिला बाजारातून होसकोट्याला पाठवलं. होसकोट्याला वांगी चांगली नव्हती, म्हणून देवनहळ्ळीला पाठवलं. तिथून आणखी कुठं. पान उलटल्याचा आवाज नाही. हातातलं पुस्तक तिला दिसत नव्हतं, हे मला कळलं. दिनाला तर कळणारच. आयुष्यभर जिनं ‘परत वाच’ ऐकलं तिला नाही कळणार? मी दिनाचा हात धरला.

ओट्यावरून दीर उठून आला. सकाळपासून पाण्याचा थेंब न घेता बसला होता तो. काळोखात चाचपडत दारापाशी आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “दिना, बाहेर सगळे खोळंबलेत. तिला अजून दिसतंय का?”

त्या घरात दिव्याला कधी कोणी तारा म्हटलं नव्हतं.

“दिसतंय,” दिना म्हणाली. “वाचू दे तिला.”